सरावात चालतं, मॅचमध्ये अडकतं: ९ मिमी स्पर्धा-पिस्तुलाचा अडथळा शोधायचा कसा

तक्रार नेहमी एकाच चालीत येते. सरावात ३०० गोळ्या मारल्या, एकदाही अडकलं नाही. रविवारी मॅचला गेलो आणि पहिल्याच स्टेजवर (मॅचमधल्या एका फेरीत) दोनदा अडकलं. मग पुढच्या आठवड्यात नवी रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड पुढे आणणारी) येते, नवा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी मागे ओढून काढणारा आकडा) येतो, कधी तर नवी नळीच येते. त्याच्या पुढच्या रविवारी पिस्तूल पुन्हा अडकतं, आणि आता नेमकं काय बदलल्यामुळे काय झालं हेही सांगता येत नाही.

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये (जगभर आयपीएससी, अमेरिकेत यूएसपीएसए) अडथळा महाग पडतो, कारण इथे मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. त्या भागाकाराला हिट फॅक्टर म्हणतात. १४ सेकंदांत ११० गुण मिळवले तर हिट फॅक्टर ७.८६. अडकलेलं काडतूस काढण्यात ४ सेकंद गेले तर तेच ११० गुण ६.११ वर येतात, म्हणजे एका अडथळ्यात २२ टक्के गेले. पिस्तूल किंवा काडतूस बिघडलं म्हणून स्टेज पुन्हा खेळायला मिळत नाही. दोन मिनिटांत दुरुस्त झालं नाही तर स्टेज तिथेच संपते.

इथे ९ मिमीची तीन घराणी धरली आहेत: २०११ पद्धतीची (हे साल नव्हे, १९११ पिस्तुलावरून निघालेल्या घराण्याचं नाव) डबल-स्टॅक, म्हणजे मॅगझिनमध्ये काडतुसांची दुहेरी ओळ असलेली पिस्तुलं, सीझेड शॅडो २, आणि ग्लॉकसारखी स्ट्रायकरवाली, म्हणजे बाहेरच्या हॅमरऐवजी आत स्प्रिंगवरचा स्ट्रायकर असलेली. भारतात ९ मिमी हे निषिद्ध बोअर असल्याने हे लिखाण बाहेरच्या देशांत खेळणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेत एच-१ बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आधी कायदा पाहा: शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तिथल्या संघराज्य कायद्यानुसार तुम्हाला पिस्तूलच काय, काडतूसही बाळगता येत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही.

आधी अडथळा वाचा, मग हात लावा

मॅचमध्ये अडकलं की झटक्यात स्लाइड ओढायची, हे बरोबरच आहे. पण सरावातही तेच केलं तर पुरावा जमिनीवर पडतो. सरावात अडकलं की बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर काढा, नळी टार्गेटच्या दिशेला ठेवा आणि स्लाइड न हलवता दोन सेकंद नुसतं पाहा. शेजारी कोणी असेल तर फोटो काढायला सांगा. काडतूस कुठे थांबलंय, यावरून निम्मं निदान होतं.

काडतुसाचं नाक खाली घुसून मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला किंवा फीड रॅम्पच्या (काडतुसाला नळीच्या मागच्या चेंबरमध्ये चढवणारा उतार) तळाला टेकलं असेल तर पहिला संशय मॅगझिनवर घ्या. नाक वर, चेंबरच्या छताला लागून अडकलं असेल तर मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) पसरलेले असतात आणि काडतूस वेळेआधी सुटतं. रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली तर स्लाइड पुरेशी मागे गेलेली नसते किंवा एक्स्ट्रॅक्टरची पकड ढिली असते. स्लाइड २-३ मिमी उघडी राहिली तर काडतूस जाड किंवा लांब आहे, चेंबर घाण आहे किंवा स्प्रिंग दमली आहे. ट्रिगर दाबल्यावर नुसतं 'टक्' झालं आणि चेंबरमध्ये काडतूस असेल तर काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवरचा (पावडर पेटवणारी टोपी) घाव हलका बसला. चेंबर रिकामं असेल तर मॅगझिन शेवटपर्यंत बसलंच नव्हतं: पहिली गोळी सुटली, दुसरी वर आलीच नाही. ही चूक प्रत्येक मॅचमध्ये कोणीतरी करतो आणि दोष मात्र एक्स्ट्रॅक्टरला देतो.

एक खूण या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. आवाज नेहमीपेक्षा मंद आला, धक्का जवळजवळ लागलाच नाही, तर थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुटते. इथे स्लाइड ओढून पुढे जायचं नाही, मॅचमध्येसुद्धा नाही. पिस्तूल रिकामं करून नळी तपासेपर्यंत ती स्टेज संपली असं धरा.

वहीत प्रत्येक अडथळ्याची एक ओळ लिहा: मॅगझिनचा क्रमांक, त्यातलं कितवं काडतूस, काडतुसांची बॅच, अडथळ्याचा प्रकार. कंटाळवाणं काम आहे, पण अशा दहा ओळी झाल्या की बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं. सगळे अडथळे ३ नंबरच्या मॅगझिनमधले निघाले तर नळी बदलायची गरज नाही, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

मॅगझिन

सरावात चालतं आणि मॅचमध्ये अडकतं, यामागे सर्वाधिक वेळा मॅगझिन असतं. सरावात बहुतेक जण मॅगझिनमध्ये १० काडतुसं भरतात, कारण हाताला सोपं जातं. मॅचमध्ये तेच मॅगझिन तोंडापर्यंत भरलं जातं. १४० मिमीच्या २०११ मॅगझिनमध्ये २० पेक्षा जास्त काडतुसं बसतात, आणि पूर्ण भरलेल्या स्प्रिंगची वागणूक निम्म्या भरलेल्या स्प्रिंगसारखी नसते. शिवाय मॅचमध्ये मॅगझिन खडीत, वाळूत, पाऊस असेल तर चिखलात पडतं. सरावात ते खाली अंथरलेल्या चटईवर पडतं.

पहिली परीक्षा: मॅगझिन मॅचला भराल तितकं भरा आणि सगळ्यात वरचं काडतूस अंगठ्याने दाबा. ते थोडं तरी खाली जायला हवं. अजिबात दबत नसेल तर बंद स्लाइडवर हे मॅगझिन नीट बसणार नाही, कारण बसताना स्लाइडचा तळ वरच्या काडतुसाला खाली ढकलतो आणि त्याला जायला जागाच नसते. मग ते अर्धवट बसतं आणि धावताना सुटून पडतं. उपाय फुकट आहे: एक काडतूस कमी भरा. त्या एका जास्तीच्या गोळीपायी मॅच घालवणाऱ्यांची संख्या विलक्षण आहे. घरी ही परीक्षा डमी काडतुसांनी करा आणि तेव्हा खोलीत खरी काडतुसं ठेवू नका. मॅचच्या सेफ्टी एरियात डमीसुद्धा हाताळायला बंदी असते, म्हणून हे काम तिथे उरकता येत नाही.

दुसरी परीक्षा स्प्रिंगची. अडथळे शेवटच्या तीन-चार काडतुसांत येत असतील आणि नाक खाली घुसलेलं असेल तर स्प्रिंग दमली आहे. वेगाने पुढे येणारी स्लाइड पोहोचण्याआधी पुढचं काडतूस वर यायला हवं. स्प्रिंग त्याला वेळेत उचलत नाही. अडथळे पहिल्या दोन-तीन काडतुसांत येत असतील तर उलट शक्यता जास्त: मॅगझिन खच्चून भरलंय आणि घर्षणामुळे काडतुसांची चळत हलत नाही. लांब बेसपॅड (मॅगझिनचं तळाचं झाकण) लावताना जुनीच स्प्रिंग ठेवली तर तळाशी जोर उरत नाही. बेसपॅडबरोबर त्याच्या मापाची लांब स्प्रिंग घ्यावीच लागते. बेसपॅड लावल्यावर एकूण लांबीही मोजा. यूएसपीएसएमध्ये लिमिटेड आणि कॅरी ऑप्टिक्स या विभागांना १४१.२५ मिमीची मर्यादा आहे, ओपनला १७१.२५. गेजमध्ये न बसणारं मॅगझिन कितीही छान चालत असलं तरी काय उपयोग?

ओठांचं माप हा २०११ वाल्यांचा आवडता वादाचा विषय. आकड्यांवर भांडण्यापेक्षा सोपा मार्ग असा: तुमच्याकडचं कधीच न अडकणारं मॅगझिन घ्या, व्हर्नियरने ओठांमधलं अंतर पुढे आणि मागे अशा दोन जागी मोजा, बाकीची मॅगझिनं त्याच्याशी ताडून पाहा. फरक ०.१ मिमीच्या वर गेला की ते मॅगझिन संशयित. तोंडावर पडलेल्या मॅगझिनचे ओठ हमखास पसरतात. स्टीलचे ओठ त्यासाठी बनवलेल्या साधनाने जवळ आणता येतात, पकडीने नाही. ग्लॉकच्या प्लास्टिक मॅगझिनचे ओठ वाकवायच्या फंदात पडू नका, नवं घ्या.

सफाईसाठी प्रत्येक मॅचनंतर बेसपॅड काढा, आतून ब्रश फिरवा, कोरड्या फडक्याने पुसा. आत तेल घालू नका. तेलावर धूळ बसते, त्याचा लगदा होतो, आणि फॉलोअर (काडतुसांना खालून वर ढकलणारा तुकडा) मग बैलगाडीच्या वेगाने वर येतो. मॅगझिनच्या तळाला क्रमांक टाका. वहीतल्या ओळींना अर्थ त्यामुळेच येतो.

काडतूस

कारखान्याची काडतुसं वापरत असाल तर हा भाग बराचसा सोडून दिला तरी चालेल. पण या खेळात पुष्कळ जण वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात, आणि मॅगझिननंतरचे बहुतेक अडथळे तिथेच जन्मतात.

९ मिमी पॅराबेलमची कमाल लांबी १.१६९ इंच, म्हणजे २९.६९ मिमी. पण हे काडतुसाचं कमाल माप झालं. तुमच्या नळीत तुमच्या गोळीच्या आकाराला किती लांबी चालते, ते नळीच ठरवते. सीझेडच्या नळ्यांत चेंबरपुढचा मोकळा भाग आखूड असतो. १४७ ग्रेन वजनाची, चपट्या नाकाची कोटिंगवाली गोळी तिथे १.१०० इंचाच्याही खाली बसवावी लागते, असं अनेकदा घडतं. तीच काडतुसं २०११ मध्ये नाक खाली घालू शकतात, कारण त्याचं मॅगझिन मुळात लांब काडतुसासाठी आखलेलं आहे. तिथे गोळीचा आकार आणि नळी चालू देत असेल तर १.१३ ते १.१५ इंचांना काडतूस जास्त सुरळीत सरकतं. मित्राच्या पिस्तुलात मस्त चालणारी लांबी तुमच्या पिस्तुलात अडकते ती यामुळे.

तुमची लांबी काढायची रीत: नळी पिस्तुलातून काढा. प्रायमर आणि पावडर नसलेलं, मुद्दाम लांब ठेवलेलं काडतूस चेंबरमध्ये सोडा. 'टण्' असा स्वच्छ आवाज यायला हवा, काडतूस बोटाने गोल फिरायला हवं आणि नळी उलटी केली की आपोआप पडायला हवं. तिन्हीपैकी एक जरी झालं नाही तर गोळी थोडी खोल बसवा आणि पुन्हा पाहा. जिथे तिन्ही जमलं, त्या लांबीतून आणखी ०.०१५ ते ०.०२० इंच कमी करा. ती तुमची लांबी. मात्र गोळी खोल गेली की पुंगळीच्या आतली जागा घटते आणि दाब वाढतो, म्हणून पावडर उत्पादकाच्या तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा चढत यावं लागतं. जुनं माप तसंच ठेवायचं नाही.

क्रिम्प म्हणजे पुंगळीच्या तोंडाला दिलेला शेवटचा दाब. ९ मिमीत तो फक्त गोळी बसवताना तोंड फुलवलेलं असतं ते सरळ करण्यापुरता. तोंडाशी ०.३७७ ते ०.३७९ इंच (९.५८ ते ९.६३ मिमी) माप मिळालं की पुरे. जास्त दाबलं तर कोटिंग कापलं जातं, गोळी ढिली होते आणि नेम पसरतो. तोंड पुरेसं फुलवलं नसेल तर गोळी बसताना कोटिंगची कड सोलली जाते आणि पुंगळीच्या तोंडाशी तिचं बारीक कडं साठतं. डोळ्यांना ते जेमतेम दिसतं, पण स्लाइड २ मिमी उघडी ठेवायला तेवढं पुरतं.

मग गोळी घट्ट आहे का ते पाहा. भरलेल्या काडतुसाचं नाक टेबलाच्या लाकडी कडेवर अंगठ्याच्या जोराने दाबा आणि लांबी पुन्हा मोजा. ०.००५ इंचापेक्षा जास्त घटली तर ती बॅच वापरू नका. फीड रॅम्पवर आपटून अशी गोळी आत सरकते आणि दाब धोकादायक वाढतो. काही पुंगळ्यांच्या आत पायरीसारखी कड असते. त्या पावडरची जागा खातात आणि बुडाशी तुटूही शकतात. दिसल्या की कचऱ्यात.

मॅचची प्रत्येक गोळी केस गेजमधून (काडतुसाचं माप तपासणारा साचा) घाला. शंभर भोकांचं गेज असेल तर चार मिनिटांचं काम आहे. गेजमध्ये उलट्या पडलेल्या काडतुसांच्या बुडांवरून बोट फिरवा: प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीच्या किंचित खाली, ०.००३ ते ०.००५ इंच, हवा. बोटाला उंचवटा लागला तर ते काडतूस सरावाच्या डब्यात. गेजमध्ये बसलं पण नळीत नाही, असंही होतं. शेवटचा शब्द नळीचाच.

'टक्' आणि पुढे शांतता

हलक्या घावाच्या तक्रारीत हॅमर स्प्रिंग बदलण्याआधी एक प्रश्न विचारा: त्याच काडतुसावर दुसऱ्यांदा हॅमर पडल्यावर ते सुटलं का? (सरावात, आणि निदान ३० सेकंद नळी टार्गेटकडे धरून थांबल्यावर.) सुटलं असेल तर बहुधा प्रायमर उंच बसला होता. पहिल्या घावाचा जोर त्याला खाली बसवण्यात गेला, दुसरा घाव प्रायमर पेटवायला उरला. हा दोष भरण्याच्या यंत्राचा आहे, पिस्तुलाचा नाही.

दुसऱ्या घावालाही सुटलं नाही, आणि प्रायमरवरची खूण उथळ दिसते, तर मग स्प्रिंगकडे वळा. शॅडो २ मध्ये ट्रिगर हलका करण्यासाठी ११.५ पौंडांची हॅमर स्प्रिंग टाकण्याची चाल आहे. ती चालते, पण फेडरलच्या मऊ प्रायमरवर, आणि लांब फायरिंग पिन बसवली असेल तर. सीसीआयच्या कठीण प्रायमरवर ती दगा देते. १३ पौंडांची स्प्रिंग ट्रिगरला थोडीच जड जाते आणि बरीच जास्त सहन करते. प्रायमरची टंचाई असते तेव्हा मिळेल ते डबे घ्यावे लागतात, आणि नेमक्या त्याच काळात ११.५ वाल्यांच्या तक्रारी वाढतात. ट्रिगरमधल्या त्या थोड्या हलकेपणासाठी प्रत्येक डब्याची जात तपासत बसायचं का, याचं उत्तर आमच्या मते 'नाही' असंच आहे.

फायरिंग पिनच्या खोबणीत तेल आणि पितळेचा चुरा साठून पिन मंद होते, हेही कारण असू शकतं. ती खोबण कोरडी ठेवायची. थंडीत तर नक्कीच.

रिकॉइल स्प्रिंग: सर्वांत जास्त बदलली जाणारी निरपराध वस्तू

रिकॉइल स्प्रिंग एकट्याने चांगली किंवा वाईट नसते. काडतुसाच्या ताकदीशी तिचा मेळ बसतो किंवा बसत नाही. त्या ताकदीला पॉवर फॅक्टर म्हणतात: गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००. मायनरसाठी, म्हणजे खालच्या ताकदीच्या वर्गासाठी, १२५ हवा. १४७ ग्रेनची गोळी ९०० फुटांनी गेली तर १३२.३, १२४ ग्रेनची १०५० ने गेली तर १३०.२.

या ताकदीला २०११ मध्ये ७ ते ९ पौंडांची स्प्रिंग बहुतेकांना जमते. हलकी स्प्रिंग लावली की हाताला धक्का वेगळा लागतो आणि डॉट (स्लाइडवरच्या साइटमधला नेमाचा ठिपका) लवकर परत आल्यासारखा वाटतो, पण स्लाइड बंद करायला उरलेला जोर कमी असतो. स्वच्छ पिस्तुलात तो पुरतो. चौथ्या स्टेजपर्यंत चेंबर काजळतं, जरा जाड काडतूस येतं, आणि स्लाइड उघडी राहते. जड स्प्रिंगची अडचण उलट: हलक्या काडतुसाने स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी खिडकीत उभी राहते.

मेळ पाहण्याची साधी खूण म्हणजे पुंगळ्या कुठे पडतात. उजव्या बाजूला चार ते सहा फुटांवर एका ढिगाऱ्यात पडत असतील तर ठीक. पायाशी पडत असतील तर स्प्रिंग जड किंवा काडतूस कमजोर. बारा-पंधरा फूट उडत असतील तर स्प्रिंग हलकी, आणि फ्रेम मार खातेय. एका स्प्रिंगला निदान ५० गोळ्या द्या आणि त्या वेळी दुसरं काहीही बदलू नका. २०११ ची हलकी स्प्रिंग ३ ते ५ हजार गोळ्यांनंतर बदलून टाका. ती तुटत नाही, फक्त आखूड होत जाते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. नवी आणि जुनी शेजारी उभी करा, फरक दिसेल.

स्ट्रायकरवाल्या पिस्तुलांत एक खास सापळा आहे. ग्लॉकमध्ये ट्रिगर मागे येतो तसा स्ट्रायकर स्प्रिंगचा ताण स्लाइडला मागे ओढत असतो. रिकॉइल स्प्रिंग फार हलकी असेल तर ट्रिगर दाबतानाच स्लाइड किंचित मागे सरकते आणि घाव हलका पडतो. तपासणी अशी: पिस्तूल पूर्ण रिकामं, दोनदा पाहिलेलं, नळी सुरक्षित दिशेला पण वर. ट्रिगर दाबून धरा, स्लाइड मागे ओढा आणि हाताने हळूहळू पुढे सोडा. ती स्वतःच्या जोराने पूर्ण बंद झाली पाहिजे. वाटेत थांबली तर स्प्रिंग फार हलकी आहे.

एक्स्ट्रॅक्टर आणि डॉटचे स्क्रू

२०११ च्या आतल्या एक्स्ट्रॅक्टरसाठी: स्लाइड काढा, नळी बाजूला ठेवा, डमी काडतुसाचं बूड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकवा. स्लाइड हळू हलवली तरी काडतूस जागेवर राहावं, जोरात हलवली तर पडावं. आपोआप गळून पडलं तर ताण कमी, झटकूनही निघत नसेल तर जास्त. ताण जास्त असणंही दोषच आहे. तेव्हा काडतूस आकड्याखाली सरकतच नाही आणि अडथळा मॅगझिनचा वाटतो.

पुंगळी न निघण्याची तक्रार नेमकी डॉट बसवल्यापासून सुरू झाली असेल तर एक्स्ट्रॅक्टरला हात लावण्याआधी डॉटचे स्क्रू पाहा. बऱ्याच स्लाइडमध्ये उजव्या बाजूच्या स्क्रूचं भोक एक्स्ट्रॅक्टरच्या खोबणीवरच उघडतं. स्क्रू दोन आटे लांब असला तर तो खालच्या दांड्याला दाबतो आणि एक्स्ट्रॅक्टर हलत नाही. स्क्रू काढून एक्स्ट्रॅक्टर बोटाने दाबून पाहा, मग स्क्रू लावून पाहा. फरक जाणवला की उत्तर मिळालं.

स्क्रू बसवताना भोकं आणि आटे तेलमुक्त करा, निळ्या जातीचा थ्रेडलॉकर एक थेंब, आणि डॉटच्या उत्पादकाने सांगितलेला टॉर्क, जो बहुधा १२ ते १५ इंच-पौंड असतो. हाताच्या अंदाजाने नाही. साधा टॉर्क स्क्रूड्रायव्हर तुटलेल्या स्क्रूपेक्षा स्वस्त पडतो. थ्रेडलॉकर रात्रभर सुकू द्या. स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. 'नेम सरकला' म्हणून डॉट फिरवत बसण्याआधी ती रेघ पाहायची.

हात

सरावात नसणारी आणि मॅचमध्ये असणारी आणखी एक गोष्ट म्हणजे घाई. बझर वाजला की मूठ वर चढते आणि अंगठे भलतीकडे जातात. आधाराच्या हाताचा अंगठा स्लाइडला घासला तर स्लाइड मंदावते आणि पुंगळी अडकते. हाच अंगठा स्लाइड स्टॉपखाली गेला तर मॅगझिन अर्धं भरलेलं असताना स्लाइड उघडी राहते. वर टेकला तर मॅगझिन संपूनही उघडी राहत नाही. २०११ मध्ये तळहात फार उंच गेला तर ग्रिप सेफ्टी (मुठीच्या मागचा सुरक्षा-खटका) दबत नाही आणि ट्रिगर मेल्यासारखा वाटतो.

एकट्या डाव्या हाताने मारायच्या स्टेजवरच अडकत असेल तर पिस्तूल दुसऱ्याच्या हातात द्या. त्याच्याकडे चाललं तर मनगट घट्ट ठेवायचा सराव करा. त्याच्याकडेही अडकलं तर काडतूस आणि स्प्रिंगचा मेळ काठावर आहे आणि तुमची पक्की मूठ एरवी ते झाकून नेतेय. म्हणून कोणताही नवा मेळ कमकुवत हाताने एक पूर्ण मॅगझिन मारून तपासावा.

थंडी आणि क्रोनोग्राफ

जुलैमध्ये टेक्सासच्या उन्हात जुळवलेली काडतुसं जानेवारीत न्यू जर्सीत अडकतात, यात गूढ काही नाही. काही पावडरी थंडीत वेग गमावतात आणि ग्रीस घट्ट होतं. १४७ ग्रेनच्या गोळीला मायनरची रेघ ८५१ फुटांवर आहे. तुम्ही ८७० वर जुळवलं असेल, म्हणजे १२७.९, तर २० फुटांच्या घसरणीने तुम्ही रेघेखाली जाता. मोठ्या मॅचमध्ये क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मायनरच्या खाली भरलात तर मॅचचे गुणच मिळत नाहीत. १३० ते १३२ वर राहा. स्लाइडलाही त्याने पुरेसा जोर मिळतो. हिवाळ्यात ग्रीसऐवजी पातळ तेल वापरा, आणि काडतुसं गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवू नका.

बदल करायचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि स्वस्तापासून महागाकडे जा: आधी दुसरं मॅगझिन, मग कारखान्याच्या काडतुसांचा एक डबा, मग चेंबरची सफाई, मग नवी रिकॉइल स्प्रिंग, मग एक्स्ट्रॅक्टर. कारखान्याच्या ५० गोळ्या तुमच्या सगळ्या मॅगझिनांमधून बिनअडथळा गेल्या तर पिस्तूल निर्दोष आहे, भरण्याच्या यंत्राकडे जा. फीड रॅम्प घासून चकचकीत करण्याचा मोह बहुतेकांना पहिल्याच दिवशी होतो. ते अगदी शेवटी, आणि जाणकार गनस्मिथकडून. घासलेला धातू परत येत नाही.

दुरुस्ती झाली असं कधी म्हणायचं? मॅचचीच काडतुसं, मॅचचीच मॅगझिनं, पूर्ण भरलेली, २०० गोळ्या सफाई न करता, त्यातलं एक मॅगझिन कमकुवत हाताने. एक जरी अडकली तर मोजणी शून्यापासून. २०० पार पडल्यावर मॅचपर्यंत पिस्तुलाला पाना लावायचा नाही. शुक्रवारी रात्री बसवलेला नवा ट्रिगर रविवारी काय करेल, ते पिस्तुलालाही माहीत नसतं.

बॅगेत ठेवायचं ते एवढंच: एक जास्तीची तपासलेली रिकॉइल स्प्रिंग, जास्तीचा एक्स्ट्रॅक्टर (तुमच्याच स्लाइडला आधी बसवून पाहिलेला), डॉटची बॅटरी, टॉर्क स्क्रूड्रायव्हर, मॅगझिनचा ब्रश, तेलाची छोटी बाटली, आणि नळीतून अडकलेली गोळी काढायला पितळेचा दांडा. लोखंडी नको, रायफलिंग खरवडलं जातं.